प्लॅस्टिक रंग का धरत नाही?

मोटारीचे वय तिच्या यंत्राआधी तिच्या अंगावर दिसू लागते. पत्रा चकाकत असतो. परंतु बंपर, दारांवरील पट्ट्या आणि चाकांवरील कडा यांचे काळे प्लॅस्टिक राखेसारखे फिकट पडते. जुन्या अँबॅसडरचा पोलादी बंपर गंजत असे. प्लॅस्टिक गंजत नाही, पण ऊन त्याला सोडत नाही. उन्हातील अतिनील किरण पृष्ठभागावरील लांब रेणुसाखळ्या तोडतात. तो थर खडबडीत होतो आणि त्यावरून विखुरलेला प्रकाश आपल्याला करडा भासतो.

असा भाग घरी रंगविता येतो. तरीही पुष्कळदा हा रंग थोड्याच महिन्यांत पापुद्र्यांनी सुटतो. दोष रंगाला दिला जातो. वस्तुतः तो त्याखालच्या पृष्ठभागाचा असतो.

हे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. मिलान येथे १९५४ साली या पदार्थाची सुव्यवस्थित रेणुसाखळी सिद्ध करणारे ज्यूलिओ नात्ता यांना, कार्ल त्सीगलर यांच्यासमवेत, १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रासायनिक दृष्ट्या हे मेणाचेच नातलग. दोन्ही केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या. मेणबत्तीवर रंग कितपत टिकेल? भागाच्या मागे ‘पीपी’ ही रोमन अक्षरे उमटविलेली असली, तर अडचण हीच आहे असे समजावे. ‘एबीएस’ असेल, तर काम पुष्कळ सोपे.

आता तयारी. आधी साबणाच्या पाण्याने धुवावे, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि मगच घासावे. क्रम उलटला, तर पॉलिशमधील सिलिकोन ओरखड्यांत चेपले जाते आणि रंगात खळगे पडतात. गुळगुळीत भागास ४०० ते ६०० क्रमांकाचा पॉलिश पेपर वापरावा. दाणेदार भागास नायलॉनची घासणी बरी, कारण कागदाने दाणे झिजतात. धूळ पुन्हा पुसून शेजारचा पत्रा चिकटपट्टीने व वर्तमानपत्राने झाकावा. नंतर प्लॅस्टिकसाठीच बनविलेल्या प्रायमरचा पातळ हात द्यावा. मेणासारखा पृष्ठभाग आणि रंग यांच्यातला हाच मध्यस्थ. तो टाळला, तर उरलेले श्रम व्यर्थ जातात.

रंगाचा डबा वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरून, दोन-तीन पातळ हात द्यावेत. दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा. जाड हात ओघळतो. पावसाळ्यातील दमट हवा आणि दुपारी तापलेला भाग, दोन्ही टाळावीत. शंका असल्यास भागाच्या मागील बाजूस हाच क्रम करून पाहावा. रंग पूर्ण वाळल्यावर पात्याने फुलीसारख्या रेघा ओढून चिकटपट्टी दाबून ओढावी. रंग पट्टीबरोबर आला, तर तयारी अपुरी आहे.

एक सावधगिरी मात्र प्राणाशी निगडित आहे. रंगाचा फवारा ज्वलनशील असतो. तो उघड्या हवेत, शेगडी व दिव्यापासून दूर मारावा. नाकावरचा रुमाल वाफा अडवीत नाही; त्यासाठी कोळशाच्या गाळणीचा मुखवटा हवा. डब्यावर ‘आयसोसायनेट’ हा शब्द असलेले दोन घटकांचे रंग घरी फवारूच नयेत. त्यांच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. ते काम हवापुरवठ्याचे मुखवटे असलेल्या कारखान्याकडे सोपवावे.

रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला काही दिवस लागतात. तोवर मोटार धुण्याची घाई करू नये.