किल्ली हरवली, घर नाही

नेरळहून कळंबकडे जाताना वाटेत अजून कौलारू घरे दिसतात. अशा घराची किल्ली हरवली, तर जाणता माणूस कुलपावर घाव घालत नाही. तो शिडी लावतो, चार कौले सरकवतो, आत उतरतो आणि आतून मागच्या दाराची कडी काढतो. जुन्या युनिक्स संगणकाचा मुख्य पासवर्ड हरवला की नेमके हेच करावे लागते.

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये झाला. त्यात सर्वाधिकारी खात्याला ‘रूट’ म्हणतात. रूटचा पासवर्ड विसरला की मालकच घराबाहेर. तो पासवर्ड डिस्कवर शोधून सापडत नाही, कारण तो तिथे नसतोच.

याच भागातले कर्जत हे भात संशोधनाचे गाव, म्हणून दाखला तांदळाचा. तांदळाचे पीठ झाले की त्यातून दाणा परत मिळत नाही. मात्र तोच तांदूळ तसाच दळला, तर पीठ तेच पडते. युनिक्स फक्त हे पीठ जपून ठेवते. तुम्ही पासवर्ड टाइप केला की तो पुन्हा दळायचा आणि दोन्ही पिठे जुळतात का पाहायचे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या लेखात ही रीत मांडली. दळण एकदा नव्हे, २५ वेळा. शिवाय त्यात चिमूटभर ‘मीठ’, म्हणजे दोन जादा अक्षरे. या मिठाचे ४०९६ प्रकार, त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ सहसा वेगळे दिसते. खुद्द थॉम्पसन यांच्या जुन्या पासवर्डचे पीठ एका फाइलमध्ये उरले होते. त्यामागची अक्षरे २०१९ मध्ये उलगडली, तीही ग्राफिक्स कार्डावर अनेक दिवस एकेक शक्यता दळून पाहिल्यावर. निघाली बुद्धिबळातली एक चाल!

म्हणून कुलपाशी झुंजायचे नाही, कौले सरकवायची.

सन कंपनीचा स्पार्कस्टेशन हा युनिक्स संगणक घ्या. भारतात जन्मलेले विनोद खोसला हे या कंपनीच्या १९८२ मधल्या संस्थापकांपैकी एक. पहिले स्पार्कस्टेशन १९८९ चे. कीबोर्डाच्या डाव्या कडेची ‘स्टॉप’ कळ आणि ‘ए’ एकत्र दाबली की संगणक जागीच थांबतो आणि पडद्यावर ‘ओके’ ही दोन अक्षरे येतात. तिथे ‘बूट सीडीरॉम -एस’ ही आज्ञा द्यायची. आता यंत्र आपल्या डिस्कवरून नव्हे, सोलारिसच्या, म्हणजे सनच्या युनिक्सच्या, सीडीवरून उठते. सीडीवरच्या युनिक्सला तुमचा पासवर्ड ठाऊक नसतो, म्हणून ते विचारतही नाही. मग डिस्क तपासून जोडायची आणि ‘शॅडो’ नावाची फाइल उघडायची. तिची पहिली ओळ बहुधा रूटची. तिच्यात पहिल्या आणि दुसऱ्या अपूर्णविरामामध्ये (:) तेरा अक्षरे दिसतात: दोन मिठाची, अकरा पिठाची. तेवढीच तेरा पुसायची, बाकी एका टिंबालाही हात लावायचा नाही. फाइल जतन करून यंत्र पुन्हा सुरू केले की रूटला पासवर्ड उरत नाही. आत शिरताच पहिले काम नवा पासवर्ड ठेवण्याचे.

यात दोन अडचणी हमखास येतात. सीडी ड्राइव्ह ५१२ बाइटचे तुकडे वाचू शकणारा हवा, नाहीतर यंत्र उठत नाही. आणि घड्याळाच्या चिपमध्येच बसवलेली बॅटरी दहाएक वर्षांनी संपते, तेव्हा यंत्र तारीख आणि स्वतःचा नेटवर्क पत्ताही विसरते. डिस्कवरची माहिती मात्र त्यामुळे जात नाही.

यातला धडा साधा आहे: ज्याचा हात यंत्रापर्यंत पोहोचतो, त्याला पासवर्ड अडवू शकत नाही. म्हणूनच सर्व्हरच्या खोलीला खरेखुरे कुलूप लागते. आजचे फोन आणि अनेक लॅपटॉप मात्र सगळी साठवणच कूटबद्ध करतात. तिथे कौले सरकवून आत उतरलात तरी हाती फक्त अगम्य अक्षरे लागतात. चोराला ती वाट बंद झाली, तशी विसराळू मालकालाही.

तेव्हा शाळा असो, पतपेढी असो की घर, मुख्य पासवर्ड कागदावर लिहा, पाकिटात सीलबंद करून कपाटात ठेवा आणि ते कुठे आहे हे विश्वासाच्या दुसऱ्या माणसाला आजच सांगा.