परळचा परदेशी आणि साम्राज्याचा किताब

बहुतेक राष्ट्रांच्या मानसन्मानांच्या व्यवस्थेत आपल्या नागरिकांबरोबरच परदेशी व्यक्तींचा गौरव करण्याची तरतूद असते. युरोपात अशा सन्मानाला 'ऑर्डर' म्हणतात. ऑर्डर म्हणजे मुळात राजाच्या प्रमुखत्वाखालील सरदारांचा संघ. पुढे त्या संघाचे सभासदत्व हाच गौरव ठरला, त्याच्या श्रेणी पडल्या, प्रत्येक श्रेणीचे निराळे पदक ठरले आणि सभासदाच्या नावामागे विशिष्ट अक्षरे लावण्याची रीत रूढ झाली. परक्या देशातील माणसाला असे सभासदत्व देताना राज्य त्याच्या कर्तृत्वाची कदर तर करतेच, पण गुणांची पारख असलेली सत्ता म्हणून स्वतःची प्रतिमाही उभी करत असते. या दोन हेतूंचा परस्परांशी असलेला संबंध समजून घेण्यासाठी मुंबईत परळ-भोईवाड्याच्या परिसरातील आचार्य दोंदे मार्गावरच्या हाफकिन संस्थेचा आणि जिच्या नावाने ती ओळखली जाते त्या व्यक्तीचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 मध्ये, त्या काळी रशियन साम्राज्यात असलेल्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. प्राणिशास्त्राचे शिक्षण त्यांनी प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली घेतले, परंतु ज्यू असल्यामुळे मायदेशी विद्यापीठात पुढे जाण्याची वाट बंद झाली आणि ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे त्यांनी कॉलऱ्याची, म्हणजे पटकीची, लस तयार केली व 1892 च्या जुलैत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि बंगालसह अनेक प्रांतांत हजारो लोकांना त्यांनी ही लस दिली. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, इंग्रजही नव्हते. सरकारी वैद्यकीय सेवेतील अनेक अधिकाऱ्यांच्या मनात त्यांच्याविषयी जी अढी होती, तिचे मूळ बऱ्याच अंशी या दोन गोष्टींत सापडते.

1896 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आल्याचे गोव्याचे डॉक्टर आकासियो व्हिएगश यांनी ओळखले आणि पुढच्या काही आठवड्यांत हाफकिन यांना मुंबईला पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत आणि मोजक्या मदतनिसांच्या साहाय्याने त्यांनी काम सुरू केले. प्लेगचे जंतू द्रवात वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि हे मृत जंतू शरीरात टोचून प्रतिकारशक्ती जागवायची, असे त्यांच्या लशीचे तत्त्व होते. 10 जानेवारी 1897 रोजी नेहमीच्या मात्रेहून मोठी मात्रा त्यांनी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि त्यांच्यात रोगाचे प्रमाण इतर कैद्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसले. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः उघडपणे लस घेतल्यामुळे त्या समाजाचा विश्वास बसला, आणि प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही उपलब्ध करून दिली.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव जून 1897 मध्ये साजरा झाला. त्या निमित्ताने जाहीर झालेल्या सन्मानांत हाफकिन यांना 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर'ची 'कंपॅनियन' ही श्रेणी मिळाली, सी.आय.ई. ही अक्षरे या श्रेणीची निदर्शक होत. राणीने 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' हे पद धारण केल्यानंतर वर्षभराने, 1 जानेवारी 1878 रोजी, ही ऑर्डर स्थापन झाली होती. पुढे तिच्या तीन श्रेणी झाल्या आणि त्यांत कंपॅनियन ही सर्वांत खालची होती. रशियात जन्मलेल्या एका ज्यू शास्त्रज्ञाला हिंदुस्थानातील कार्यासाठी ब्रिटिश राजसत्तेने गौरवावे, ही त्या काळी सामान्य घटना नव्हती, आणि युरोपातील ज्यू समाजाला तिचा विशेष अभिमान वाटला.

महाराष्ट्राला मात्र तो महोत्सव अगदी वेगळ्या कारणाने आठवतो. 22 जून 1897 रोजी, महोत्सवाच्याच रात्री, पुण्यातील गणेशखिंडीच्या समारंभाहून परतणारे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. घराघरांत शिरणारे सोल्जर, झडत्या, सक्तीने रुग्णालयात नेणे आणि लोकांच्या सामानाची नासधूस यांमुळे पेटलेल्या संतापाचा तो स्फोट होता. एकाच रोगाशी झुंजताना एकाच सरकारने एकीकडे बंदुकीच्या धाकाने घरे उघडली आणि दुसरीकडे स्वेच्छेने दंड पुढे करणाऱ्याला लस टोचणाऱ्या शास्त्रज्ञाला पदक दिले; हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्या पदकाचे मोल नीट ठरवता येत नाही.

1899 मध्ये परळचे जुने 'गव्हर्नमेंट हाउस', म्हणजे गव्हर्नरचे निवासस्थान, हाफकिन यांच्या प्लेग प्रयोगशाळेला मिळाले. याच वास्तूत गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा 1880 च्या दशकात कॉलऱ्याने मृत्यू झाला होता आणि त्यानंतर गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार हिलवर गेले. परळहून लशीच्या बाटल्या देशभर आणि परदेशीही जाऊ लागल्या.

पुढे 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतून लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. दोष परळच्या प्रयोगशाळेतील निर्मितीत होता की बाटली गावात उघडताना झालेल्या हलगर्जीत, हा वादाचा मुद्दा होता. चौकशीचा कौल हाफकिन यांच्या विरुद्ध गेला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष पुढे निर्णायक ठरली. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे सरकारने दोषारोप मागे घेतला. हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले, परंतु कलकत्त्याला, आणि पूर्वीसारखा कामाचा वाव त्यांना मिळाला नाही. परक्या माणसाच्या छातीवर पदक लावणे राज्याला सोपे जाते. त्याच्यावर किटाळ आले असता सत्य बाहेर येईपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहणे अवघड असते, आणि त्या कसोटीला ते सरकार उतरले नाही. सी.आय.ई. ही अक्षरे त्या पाच वर्षांत त्यांच्या काहीही उपयोगी पडली नाहीत.

1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर पाच वर्षांनी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

हाफकिन यांना मिळालेली 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर' स्वातंत्र्यानंतर नव्याने कुणालाच दिली गेली नाही. परळच्याच बी.आय.टी. चाळीत ज्यांच्या आयुष्याची दोन दशके गेली त्या बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले आणि भारतीय नागरिकाने परकीय राष्ट्राकडून किताब स्वीकारण्यासही मनाई केली; लष्करी आणि विद्याविषयक बहुमान तेवढे वगळले. 1954 पासून भारतरत्न आणि पद्म सन्मान सुरू झाले, परंतु ते नावाला जोडायचे किताब नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या निकालात स्पष्ट केले. परदेशी व्यक्तींसाठी हे सन्मान पहिल्यापासून खुले आहेत: पद्मविभूषणाच्या पहिल्याच यादीत मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याबरोबर भूतानचे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांचे नाव होते. भारतरत्न खान अब्दुल गफारखान यांना 1987 मध्ये आणि नेल्सन मंडेला यांना 1990 मध्ये मिळाले. मंडेला तुरुंगातून सुटले त्याच वर्षी हा गौरव झाला, आणि त्यांचा देश अजून वर्णभेदी सत्तेखाली होता. परदेशी सन्मानाचा याहून योग्य वापर भारतीय प्रजासत्ताकाने क्वचितच केला असेल. हे सन्मान सुरू होण्यापूर्वीच निधन पावलेल्या हाफकिन यांच्या स्मरणार्थ भारताच्या टपाल खात्याने 1964 मध्ये तिकीट काढले.

परदेशी माणसाच्या गौरवाची उलट दिशाही याच परिसरातून दाखवता येते. हाफकिन संस्थेच्या जवळच असलेल्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करता करता 1942 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. चीनने त्यांना श्रेणी आणि अक्षरे असलेला किताब दिला नाही. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत त्यांची समाधी आणि पुतळा उभारला, आणि भारतभेटीवर आलेल्या चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबीयांना भेटण्याचा प्रघात दोन देशांतील युद्धानंतरही पुन्हा सुरू झाला.