तळहातावर उमटलेली भाषा

फेब्रुवारी १८८२. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावात एकोणीस महिन्यांची हेलन केलर तापानं फणफणली. आजच्या तज्ज्ञांच्या अंदाजानुसार तो जिवाणूंमुळे झालेला मेनिन्जायटिस असावा. ताप उतरला, पण दृष्टी आणि श्रवण दोन्ही घेऊन गेला.

याच मुलीनं पुढे पदवी मिळवली, पुस्तकं लिहिली. तिची कथा आपल्याकडे जिद्दीचा धडा म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच, पण नुसत्या जिद्दीनं कुणाला भाषा येत नाही. डोळे आणि कान बंद असताना ती मेंदूपर्यंत पोचली कशी, हे समजून घेणं मला जास्त मोलाचं वाटतं.

मार्च १८८७ मध्ये ॲन सलिव्हन ही वीस वर्षांची शिक्षिका केलरांच्या घरी आली. खुपऱ्यांनी तिची स्वतःची नजर अधू झाली होती. बॉस्टनच्या पर्किन्स शाळेत ती बोटांची मुळाक्षरं शिकली होती. तिथेच लॉरा ब्रिजमन या मूकबधिर-दृष्टिहीन मुलीला अर्धशतकापूर्वी स्पर्शातून भाषा शिकवली गेली होती. हेलनच्या एका हातावर पंपाचं पाणी आणि दुसऱ्या हातावर बोटांच्या मुळाक्षरांत त्याचं नाव, आणि त्यातून तिला उमगलेला शब्दाचा अर्थ, हा ५ एप्रिलचा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो.

खरी कमाल मात्र त्यानंतरच्या आठवड्यात झाली, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सलिव्हन हेलनच्या नात्यातल्या सव्वा वर्षाच्या एका बाळाचं निरीक्षण करत होती. बाळाला अजून धड बोलता येत नव्हतं, तरी त्याला कितीतरी कळत होतं, आणि त्याला कुणी शब्दांचे धडे दिले नव्हते. मग तिनं ठरवलं, की बाळाच्या कानात आपण जसं बोलतो तसंच हेलनच्या हातात बोलायचं. सुटे शब्द घोकून घ्यायचे नाहीत. पूर्ण वाक्यं बोलायची, समजो न समजो. दिवसभर हातावर भाषेचा पाऊस पडू लागला. मूल भाषा वापरातून उचलतं, हे आज बालभाषेचे अभ्यासक सांगतात. सलिव्हननं ते अनुभवातून ओळखलं होतं. आजारापूर्वी हेलननं दीड वर्ष माणसांचं बोलणं ऐकलं होतं, काही शब्द उच्चारलेही होते. तो पायाही विसरून चालणार नाही.

बोटाच्या टोकाला हे झेपतं कसं? तिथल्या त्वचेत मर्केल पेशी दाटीनं असतात. त्या कडा आणि उंचवटे टिपतात, म्हणून सुमारे अडीच मिलिमीटरवरचे ब्रेलचे ठिपके वेगवेगळे जाणवतात. त्याखाली पॅसिनियन कण असतात, ते सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा होणारी सूक्ष्म थरथर पकडतात. समोरच्याच्या गळ्यावर, ओठांवर आणि नाकावर बोटं ठेवून हेलन बोलणं 'ऐकत', ते याच बळावर. १९२४ मध्ये रेडिओमधल्या थरथरणाऱ्या पडद्यावर बोटं टेकवून त्यांनी बीथोवनची नववी सिंफनी अनुभवली.

पण त्यांची बोटं काही जगावेगळी नव्हती. १९२९ मध्ये मेंदूतज्ज्ञ फ्रेडरिक टिल्नी यांनी त्यांच्या स्पर्शक्षमतेची तपासणी केली, तेव्हा मुळातली संवेदना सर्वसाधारण माणसासारखीच आढळली. फरक होता तो आलेल्या संवेदनेतून मेंदू काय घडवतो यात. १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लहानपणीच दृष्टी गेलेली माणसं ब्रेल वाचत असताना मेंदूच्या मागच्या भागातलं दृष्टीचं केंद्र जागं होत असल्याचं दिसलं. पुढच्याच वर्षी चुंबकीय स्पंदांनी त्या केंद्राच्या कामात अडथळा आणला, तेव्हा वाचनात चुका होऊ लागल्या. म्हणजे डोळ्यांकडून काही येईनासं झाल्यावर ती जागा ओस पडली नव्हती. ती बोटांच्या कामी आली होती.

मूकबधिर-दृष्टिहीन मुलांसाठी मुंबईत १९७७ पासून हेलन केलर यांच्या नावाची संस्था काम करते आहे. अशा मुलांच्या हातात भाषा जितक्या लवकर पडेल तितकं बरं, कारण मेंदूची ही लवचीकता बालपणी सर्वांत जास्त असते.

हेलन केलर यांच्या लेखनावर एक टीका मात्र सतत होत राहिली. दिसत नसलेल्या रंगांबद्दल आणि प्रकाशाबद्दल त्या लिहितात, ते उसने शब्द आहेत, असं म्हटलं गेलं. थॉमस कट्सफोर्थ या मानसशास्त्रज्ञानं १९३३ च्या पुस्तकात हा आक्षेप जोरात मांडला, आणि ते स्वतः दृष्टिहीन होते. मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. अलीकडे संशोधक मरीना बेडनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून दृष्टी नसलेल्यांना चमकणं, लुकलुकणं, निरखणं, डोकावणं अशा अर्थांच्या इंग्रजी क्रियापदांमधलं साम्य ठरवायला सांगितलं. त्यांची उत्तरं डोळसांच्या उत्तरांशी बरीचशी जुळली. हे अर्थ त्यांच्यापर्यंत पोचले होते ते माणसांच्या बोलण्यातून आणि वाचनातून, आणि हेलन केलर यांच्याकडेही ते त्याच वाटेनं आले होते.