डोळ्यांचा विसावा आणि चष्मा

चष्म्यावाचून दृष्टी सुधारते, असे सांगणारी पुस्तके व चित्रफिती आता खेडोपाडी पोहोचल्या आहेत आणि पालक त्यांविषयी शिक्षकांचाच सल्ला विचारतात. यास्तव या पद्धतीचे मूळ व मर्यादा शिक्षकबंधुभगिनींस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

या पद्धतीचे जनक न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य विल्यम बेट्स (१८६०–१९३१) हे होत. डोळ्याबाहेरील स्नायू ताणाने आवळले की नेत्रगोलाचा आकार बिघडतो व ताण गेला की दृष्टी पूर्ववत होते, असे त्यांनी १९२० सालच्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. मिटल्या डोळ्यांवर तळवे ठेवणे, अंगास हलके झोके देणे, ऊन घेणे हे त्यांचे उपाय. इंग्रज साहित्यिक ऑल्डस हक्स्ली यांनी १९४२ साली पुरस्कार केल्याने त्यांचा बोलबाला झाला. आपल्याकडे पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमातही याच धर्तीचे शिक्षण दिले गेले.

परंतु जवळचे व दूरचे पाहण्यासाठी आकार बदलते ते डोळ्यातील भिंग, आणि ते काम आतील स्नायू करतो. मोतीबिंदूबरोबर मूळचे भिंग काढलेल्या आजोबांस पोथी वाचावयास बहुधा चष्मा लागतो. बाहेरचे स्नायू मात्र शाबूत असतात. लघुदृष्टीत बहुधा नेत्रगोलच लांबलेला असतो. प्रौढाचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर लांब. त्यात एका मिलिमीटरची वाढ झाली तरी अडीच-तीन नंबरचा चष्मा लागतो. ती लांबी तळव्यांच्या उबेने घटावी कशी?

मग गुण आल्याचे लोक सांगतात ते सारे खोटे काय? तसे नव्हे. सतत जवळचे पाहून आतील स्नायू आखडला, तर काही काळ दूरचे अंधुक दिसते. विश्रांतीने ते सुटते. शिवाय तोच तक्ता वारंवार पाहून मूल अक्षरे ओळखू लागते. थकल्या डोळ्यांस विसावा द्यावा, यात वाद नाही. सूर्याकडे टक लावून पाहणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्याने दृष्टिपटल भाजते.

खरा धोका वेळ दवडण्यात आहे. एका शाळेतील तिसरीची मुलगी फळ्यावरचे सर्व वाचीत असे. उजवा डोळा झाकताच ती गप्प झाली. डाव्या डोळ्याचा दोष घरी ठाऊक होता. पण मुलीस चष्मा नको म्हणून वर्षभर तळव्यांचा व्यायाम चालू होता. अशा डोळ्याचा वापर मेंदू हळूहळू सोडून देतो. चष्मा व चांगल्या डोळ्यावरील पट्टी यांचा उपयोग वय लहान असतानाच अधिक होतो.

लघुदृष्टी टाळण्यास मात्र एक नैसर्गिक उपाय खराच आहे: उघड्यावरील प्रकाश. चीनमधील ग्वांगझौ येथे पहिलीच्या मुलांस रोज ४० मिनिटे अधिक मैदानावर नेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांत त्यांपैकी ३०.४ टक्के मुलांस लघुदृष्टी जडली, तर इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांस. खेळाचा तास गणितास देणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे आकडे अवश्य पाहावेत.

वर्गात सहा मीटरवर तक्ता लावून एकेक डोळा पुठ्ठ्याने झाकून तपासावा. बोटांनी झाकल्यास मुले फटीतून पाहतात. अडखळणाऱ्या मुलांची नावे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास द्यावीत. पथक येण्यास अवकाश असेल, तर पालकांस ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी त्याच आठवड्यात द्यावी.