बेंझीन आणि कामगाराचे रक्त



आजचा विषय वैद्यकाचा आहे, आणि आम्ही काही वैद्य नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीशी थांबले. पुढे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या वस्तीत. परंतु संघटनेचे काम करताना काही रोगांची ओळख आम्हांला पुस्तकांच्या आधी माणसांतून झाली. चपलांच्या एका गाळ्यात काम करणारा आमचा एक सभासद हिरड्यांतून रक्त येते म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेला. रोग निघाला रक्ताच्या कर्करोगाचा, आणि दोन महिन्यांत तो गेला. ज्या पोटमाळ्यावर तो दहा-दहा तास बसे तिथे खिडकी नव्हती, आणि ‘सोल्यूशन’चा डबा दिवसभर उघडा असे. त्याचा मृत्यू त्या डब्यानेच ओढवला असे आम्ही म्हणत नाही. एका माणसावरून तसे सिद्ध होत नसते. मग सिद्ध होते तरी कशावरून, आणि तोवर किती माणसे लागतात, हेच आज सांगायचे आहे.

बेंझीन हा पाण्यासारखा स्वच्छ, गोडसर वासाचा द्रव. दगडी कोळशाच्या डांबरातून आणि खनिज तेलातून तो मिळतो. रबर त्यात विरघळते, आणि तो स्वतः चटकन उडून जातो. चिकटवण करणाऱ्याला याहून सोयीचे काय हवे? पण उडून जातो तो कुठे, तर शेजारी बसलेल्याच्या फुफ्फुसात. तेथून रक्तात, रक्तातून यकृतात. यकृत त्याला बाहेर घालवण्याच्या खटपटीत त्याचे फिनॉल, हायड्रोक्विनोन असे पदार्थ बनवते, आणि त्यांचा मारा हाडांच्या पोकळीतील मज्जेवर होतो. मज्जा म्हणजे शरीरातला रक्ताचा कारखाना. तेथील पेशी अखंड दुभंगत असतात, म्हणून एका पेशीच्या गुणसूत्रांना झालेली इजा तिच्या पुढच्या पिढ्यांत उतरते. कधी हा कारखानाच बंद पडू लागतो, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणारे बिंबाणू सारेच घटतात. कधी एखादी बिघडलेली पेशी बेसुमार वाढत सुटते आणि कामाच्या पेशींना जागाच उरत नाही. तो रक्ताचा कर्करोग. दोन्हींत बिंबाणू कमी पडतात, म्हणून हिरड्या वाहतात.

मज्जा बंद पडते हे जगाला फार पूर्वी कळले होते. स्वीडनमध्ये सायकलचे टायर बनवणाऱ्या तरुण मुली अशा रोगाने दगावल्याची नोंद 1897 सालची आहे. कर्करोगाची गोष्ट मात्र लांबली. तिचा मोठा पुरावा आला तो इस्तंबूल शहरातून, आणि तोही चांभारांकडूनच. तेथील जोडे करणाऱ्यांत 1955 ते 1960 च्या सुमारास बेंझीनचे स्वस्त चिकटवण शिरले. मुझफ्फर अक्सॉय या रक्तरोगतज्ज्ञाकडे हे कारागीर एकामागून एक येऊ लागले. त्याने औषध देऊन त्यांना वाटेला लावले नाही; कोठे काम करता, काय वापरता, किती वर्षे, असे विचारीत तो त्यांच्या कोंदट कारखान्यांपर्यंत जाऊन पोचला. 1974 साली त्याने आकडे प्रसिद्ध केले. सुमारे 28,500 जोडे व पिशव्या बनवणाऱ्यांत 26 जणांना तीव्र रक्तकर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली होती. इतर लोकांत वर्षाला लाखामागे 6 रुग्ण धरले, तर या धंद्यात ते 13 भरत होते. 1969 नंतर तेथे बेंझीन हळूहळू मागे पडले आणि पुढे काही वर्षांत नवे रुग्णही घटले. आमच्या मते खरा पुरावा हा दुसरा: कारण काढून घेतले आणि कार्य थांबले.

अमेरिकेत ओहायो राज्यात रबराचा पारदर्शक पापुद्रा बनवणाऱ्या कामगारांतही हेच दिसले. तो अभ्यास 1977 चा. त्या वेळी तेथे कामाच्या जागी हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग बेंझीन चालत असे. सरकारच्या सुरक्षा खात्याने 1978 मध्ये ही मर्यादा 1 भागावर आणली. तेल उत्पादकांची संस्था न्यायालयात गेली, कामगार संघटना खात्याच्या बाजूने उभी राहिली, आणि 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नियम रद्द ठरवला. चालू मर्यादेत लक्षणीय धोका आहे हे खात्याने आधी दाखवले नाही, असे मुख्य निकालपत्राचे म्हणणे. ते अगदीच टाकाऊ होते असे आम्हांला वाटत नाही. हिशेब दाखवा, ही मागणी आम्हीही मालकांपुढे करतोच. पण हिशेब पुरा होईतो ती हवा हुंगत कोणी बसायचे, याचे उत्तर निकालात नव्हते. हिशेब पुरा झाला 1987 मध्ये, आणि मर्यादा ठरली तीच, 1 भागाची.

त्या 1 भागानेही सुटका नाही असे पुढे दिसले. चीनमध्ये त्येनचिन शहरी जोड्यांच्या कारखान्यांतील 250 कामगारांचे रक्त बेंझीनशी संबंध नसलेल्या 140 जणांच्या रक्ताशी ताडून पाहिले. 2004 साली निष्कर्ष आला: 1 भागाहून कमी बेंझीन असलेल्या जागीही पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू कमी भरत होते. अशी घट म्हणजे कर्करोग नव्हे, हे लक्षात ठेवावे; पण मज्जेला झळ लागल्याची ती खूण आहे.

गाळ्यात न बसणारे श्रोते म्हणतील, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध पेट्रोलपंपावर येतो. मोटारीच्या धुराड्यात प्लॅटिनमसारख्या धातूंचा उत्प्रेरक बसवतात. तो अर्धवट जळालेले विषारी वायू निववतो. पेट्रोलमधले शिसे त्याला निकामी करते, म्हणून आपल्याकडे 2000 साली शिसे काढले. परंतु शिसे जे काम करी, ते बेंझीन आणि त्याचे भाऊबंदही करतात, तेव्हा त्यावरही मर्यादा घालावी लागली. आज ती शेकडा 1 आहे. उत्प्रेरक धुराड्यातला धूर शुद्ध करतो. टाकी भरताना नळीतोंडी उठणारी वाफ त्याच्या वाट्याला येतच नाही. ती पंपावरच्या पोराच्या वाट्याला येते.

आता गाळ्यांतल्या मंडळींसाठी दोन शब्द. डब्यावर टोल्यूइन लिहिले म्हणजे बेंझीन नाहीच असे समजू नये. हलक्या प्रतीच्या मालात ते मिसळलेले असू शकते, तेव्हा पुरवठादाराकडे तपासणीचा दाखला मागावा. थिनरने हात धुऊ नयेत, ते कातडीतूनही आत जाते. डब्याला झाकण आणि भिंतीला हवा ओढणारा पंखा, तोही वास तोंडाशी येण्याआधी ओढून नेईल असा, हवा. छताचा पंखा तोच वास साऱ्या गाळ्यात फिरवतो. आणि दरवर्षी रक्तातील पेशींची मोजणी करून घ्यावी, कागद फेकू नयेत. एका वर्षाचा आकडा पुष्कळदा ठीकच दिसतो. उतरण दिसते ती चार वर्षांचे कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर.