उजेड आत, कॅमेरा बाहेर!

दोस्तांनो, फोटो काढायला उजेड लागतो. मग छातीच्या आत धडधडणाऱ्या हृदयाचं चित्र कसं काढायचं? सोपं आहे. उजेडच आत पाठवायचा! पेट स्कॅनमध्ये हेच करतात. आपल्या देशातलं पहिलं पेट यंत्र २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसलं. ही भाभा अणुसंशोधन केंद्राची संस्था.

या तपासणीत रोग्याच्या शिरेत किंचित किरणोत्सारी साखर टोचतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जो स्नायू जिवंत राहिला असेल तो ही साखर घेतो, मेलेला घेत नाही. बायपास करून उपयोग होईल का, हे ठरवायला डॉक्टरांना याची मदत होते.

आता गंमत बघा हं. या साखरेतून पॉझिट्रॉन नावाचा कण निघतो. तो इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही नाहीसे होतात! त्यांच्या जागी दोन गॅमा किरण सुटतात, एकमेकांच्या उलट दिशांना. रोग्याभोवतीच्या गोल कड्यात ते टिपले जातात. म्हणजे घटना त्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या रेषेवर कुठंतरी घडली. अशा लाखो रेषांवरून संगणक चित्र मांडतो. आधी अंदाज करतो, मोजणीशी ताडून पाहतो, सुधारतो, पुन्हा ताडतो.

पण शरीर आडवं येतं ना! सुमारे ७ सेंटिमीटर पाण्यातून जाताना हे किरण निम्मेच उरतात. मांस आणि चरबी साधारण तेवढंच अडवतात. जोडीतले दोन्ही किरण बाहेर आले, तरच जोडी मोजली जाते. वाट २८ सेंटिमीटरची असेल, तर १६ जोड्यांतली एकच सुटते. ४२ सेंटिमीटरची असेल, तर ६४ मधली एक! म्हणून लठ्ठ माणसाचं चित्र ठिपक्याठिपक्यांचं, अस्पष्ट येतं. त्यात जिवंत स्नायू मेल्यासारखा दिसला, तर उपचारच चुकायचे.

मग उपाय? कुठं किती किरण अडले, हे सीटी स्कॅनवरून कळतं. तेवढी भर संगणक घालतो. दुसरी युक्ती तर तुम्हीही सांगाल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं ओळीनं येतात. समजा, मधल्या एका जागेहून दोन मुलं एकाच वेळी, सारख्याच वेगानं निघाली. एक उल्हासनगरकडे, दुसरं बदलापूरकडे. उल्हासनगरचं आधी पोचलं. मग ती निघाली कुठून? उल्हासनगरच्या जवळून, कदाचित अंबरनाथहून! दोघांच्या वेळेतला फरक कळला की जागा कळते.

नवी पेट यंत्रं किरणांच्या बाबतीत हेच करतात. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जातो. ही यंत्रं त्याहूनही लहान फरक मोजतात. मग अख्ख्या रेषेऐवजी तिचा छोटा तुकडाच शोधावा लागतो. शरीर जितकं मोठं, तितका या युक्तीचा फायदा जास्त.

थोडक्यात काय, चित्र नीट आलं नाही म्हणून जाड माणसाला दोष द्यायचा नाही. आपला हिशेब सुधारायचा!

जाता जाता एक गणित : वाट ३५ सेंटिमीटरची असेल, तर किती जोड्यांतली एक बाहेर येईल? (उत्तर : ३२)