ब्रेक पॅड मागताना चेसिस नंबर सांगा

‘ऑक्टेव्हियाचे पुढचे पॅड द्या,’ एवढंच सांगून उल्हासनगरच्या काउंटरवरून डबा उचलणारे पुष्कळ असतात. गाडीचं नाव कळलं की पॅड कळला, हा या विषयातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. दुसऱ्या पिढीच्या स्कोडा ऑक्टेव्हियात इंजिनानुसार पुढची डिस्क 280, 288 किंवा 312 मिलिमीटरची असू शकते. डिस्क बदलली की कॅलिपर बदलू शकतो आणि कॅलिपर बदलला की पॅडचा आकारही. म्हणून आरसीवरचा 17 अक्षरांचा चेसिस नंबर दुकानदाराला द्या. स्कोडा, ऑडी, फोक्सवॅगनमध्ये डिकीत, बऱ्याचदा स्टेपनीच्या जागी, एक स्टिकर असतं. त्यावर त्या गाडीला कुठला ब्रेक बसवला आहे याचाही कोड असतो. त्याचा फोटो काढून न्या.

शक्य असेल तर जुना पॅडही सोबत घ्या. मागच्या पत्र्याचा आकार, दोन्ही टोकांचे कान, सेन्सरची वायर कुठल्या बाजूने निघते, हे सगळं नव्या पॅडशी जुळवून बघा. पॅड आत जात नाही म्हणून कोणी ग्राइंडरवर त्याचे कान घासायला लागला, तर काम तिथेच थांबवा. पॅड चुकीचा आहे, किंवा ब्रॅकेटमध्ये गंज साचला आहे. गंज असेल तर ब्रॅकेट साफ करायचा असतो.

‘परदेशी गाडी, म्हणजे पॅड जर्मनीहूनच मागवायला हवा’ असंही ऐकू येतं. ऑक्टेव्हिया जुळवली गेली ती छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात, आणि मर्सिडीजचा कारखाना चाकणला आहे. शिवाय गाडी बनवणाऱ्या कंपन्या पॅड सहसा स्वतः बनवत नाहीत. टेक्स्टार, टीआरडब्ल्यू, एटीई ही या धंद्यातली जुनी नावं आहेत. त्यांचा योग्य नंबरचा पॅड तितकाच भरवशाचा असतो.

उल्हासनगरचा माल म्हणजे डुप्लिकेट, हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. नकली माल कुठल्याही बाजारात येतो आणि नुसता डबा बघून तो ओळखता येत नाही. पक्कं बिल घ्या आणि पॅडचा पत्रा बघा. त्यावर गोलात ‘ई’ आणि पुढे ‘90आर’ने सुरू होणारा नंबर असेल, तर तो युरोपच्या आर 90 नियमाखालचा आहे. त्या नियमानुसार बदली पॅडची पकड मूळ पॅडपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त वेगळी नसावी लागते.

कडक किंवा रेसिंगचा पॅड जास्त चांगला, हेही खरं नाही. असे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. बदलापूरच्या स्टेशन रोडवरच्या रांगेत ते तापणार कधी? उलट माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरून नेरळला उतरताना साधा, योग्य पॅडसुद्धा सतत दाबून ठेवला तर तापून पकड सोडतो. तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचं.

बसवतानाचा मोठा धोका मागच्या चाकांना आहे. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने तो सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. शिकंजा लावून पिस्टन जबरदस्तीने मागे ढकलला, तर आतली मोटर आणि गिअर खराब होतात. स्कॅनर नसेल त्या गॅरेजात अशा गाडीचे मागचे पॅड बदलू नका. गाइड पिन साफ करून योग्य ग्रीस लावून घ्या. धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ती थेट मेकॅनिकच्या छातीत जाते.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. सकाळी पहिल्या काही ब्रेकना खरखर येते, ती पॅड संपल्याची खूण नव्हे. थोडं चालवूनही आवाज राहिला, तर मात्र पॅडची जाडी मोजा. 3 मिलिमीटरवर आला असेल तर बदलायची वेळ झाली, आणि तो एकाच चाकाचा नाही, त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचा. डिस्कवर कोरलेली किमान जाडीही त्याच वेळी तपासा. अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर डिस्क घासून मिळेल, पण घासल्यावर ती त्या आकड्याखाली जात असेल तर नवीच टाकावी लागते.

नवे पॅड पहिले 200-300 किलोमीटर हलक्या ब्रेकने बसू द्या. आणि गॅरेजातून गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल तळापर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही.